छोट्या कॉलेजचा खेळ बातमीत कधी येतो?

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. त्यांची पुतणी अमेरिकेत बारावीला आहे, सॉकर खेळते. तिला एका छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. घरात पेढे वाटून झाले आणि मग काकांनी आम्हाला विचारलं, "म्हणजे स्कॉलरशिप पक्की ना? आणि या कॉलेजचं नाव आम्ही कधी ऐकलं कसं नाही?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. अमेरिकन कॉलेजचा खेळ म्हणजे आपण टीव्हीवर पाहतो तो: लाखभर माणसांचं स्टेडियम, बँड, कोट्यवधींचे कोच. पण ते चित्र मोजक्या विद्यापीठांचं आहे. बाकीच्यांचं काय, ते आज बघू.

आधी रचना समजून घेऊ. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची सगळ्यात मोठी संघटना. १९७३ मध्ये तिने आपल्या सदस्यांचे तीन गट केले: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. टीव्हीवर दिसतो तो वन. संख्येने सगळ्यात मोठा मात्र थ्री. चारशेच्या वर कॉलेजं, दोन लाखांच्या घरात खेळाडू. आणि या गटाचा मुख्य नियम असा, की खेळासाठी म्हणून एक डॉलरचीही स्कॉलरशिप द्यायची नाही. मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, ती इतर विद्यार्थ्यांना मिळते तशीच. म्हणजे पुतणीचं कॉलेज या गटातलं असेल, तर काका, खेळाची स्कॉलरशिप नाही. कोचचा फोन खरा आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याकडे येतोच.

आता पैसा. एनसीएएचं बहुतेक उत्पन्न डिव्हिजन वनच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांतून येतं. त्यातला ३.१८ टक्के वाटा डिव्हिजन थ्रीला मिळतो. चारशेहून जास्त कॉलेजांना मिळून! जिथे पैसा तिथे कॅमेरा, हे साधं गणित आहे. मग छोट्या कॉलेजचा खेळ राष्ट्रीय बातमीत येतो तरी कधी? मला तीन वेळा दिसतात: अचाट आकडा झाला की, डोळ्यांत पाणी आलं की, आणि तिरडी उठली की.

पहिला प्रकार. २० नोव्हेंबर २०१२. आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज. जॅक टेलर नावाच्या मुलाने बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने १३८ गुण केले. १०८ वेळा बास्केटवर बॉल मारला, त्यातले ५२ आत गेले. दुसऱ्या दिवशी देशभर हीच बातमी. आता गंमत बघा. ग्रिनेल हे अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजांपैकी एक. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस तिथलेच विद्यार्थी. पण कितीतरी लोकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं ते या १३८ मुळे. आणि समोरच्या संघाच्या डेव्हिड लार्सनने त्याच सामन्यात ७० गुण केले, ते कुणाच्या लक्षात आहेत? सामना १७९–१०४ असा संपला. ग्रिनेलची खेळायची पद्धतच तशी होती: भराभर खेळाडू बदलायचे, लांबून बॉल मारत सुटायचं. ही पद्धत समजून घ्यायला फार थोडे थांबले. लोकांच्या मनात राहिली ती एक सर्कस.

दुसरा प्रकार. एप्रिल २००८, सॉफ्टबॉल. वेस्टर्न ओरेगॉनच्या सारा टुचोल्स्कीने आयुष्यातला पहिला होम रन मारला आणि पहिल्या बेसजवळ तिचा गुडघा गेला. पुढे चालता येईना. तिच्याच संघाने हात लावला तर होम रन जाईल, असं पंचांचं म्हणणं. तेव्हा समोरच्या सेंट्रल वॉशिंग्टनच्या मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेस या दोघींनी तिला उचललं आणि प्रत्येक बेसला तिचा पाय टेकवत घरपर्यंत नेलं. सेंट्रल वॉशिंग्टन तो सामना हरलं. ही डिव्हिजन टूची कॉलेजं. गोष्ट सुंदर आहे, मी स्वतः ती अनेकांना सांगितली आहे. पण अशा गोष्टींतून एक समजूत घट्ट होते: मोठ्या कॉलेजांत धंदा, छोट्या कॉलेजांत निर्मळ खेळ.

ही समजूत अर्धीच खरी आहे. २००१ मध्ये जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांचं 'द गेम ऑफ लाइफ' हे पुस्तक आलं. निवडक कॉलेजांच्या प्रवेशांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं, की कोचच्या यादीतल्या खेळाडूला प्रवेशात मोठा फायदा मिळतो, आणि हे छोट्या, बिनस्कॉलरशिपच्या कॉलेजांतही होतं. उलट तिथे त्याचं वजन जास्त पडतं. का? तीस-चाळीस हजार मुलांच्या विद्यापीठात सातशे खेळाडू दिसतही नाहीत. दोन हजारांच्या कॉलेजात सातशे म्हणजे तिसरा हिस्सा!

याच्या उलट समजूतही ऐकू येते: "वनमध्ये जमलं नाही म्हणून थ्रीमध्ये." तेही सरसकट खरं नाही. हार्टफर्डचं ट्रिनिटी कॉलेज डिव्हिजन थ्रीचं. स्क्वॉशमध्ये मात्र हार्वर्ड, येल सगळ्यांशी एकाच स्पर्धेत भिडावं लागतं. ट्रिनिटीच्या पुरुष संघाने ओळीने २५२ सामने जिंकले. जानेवारी २०१२ मध्ये येलने ती मालिका तोडली. या संघात भारतातून गेलेली मुलंही होती. आपल्याकडे किती जणांनी हे वाचलं?

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज, स्थापना १८५६. हे कॉलेज काही वर्षं डिव्हिजन वनमध्ये होतं. खर्च झेपेना, म्हणून २००६ मध्ये थ्रीमध्ये जायचं ठरवलं. आणि खाली आल्यावर त्यांनी काय केलं? फुटबॉलचा संघ सुरू केला! ऐकायला उलटं वाटतं. पण इथेच छोट्या कॉलेजांचं खरं गणित आहे.

मोठ्या विद्यापीठात खेळाडूवर खर्च होतो. छोट्या कॉलेजात खेळाडू फी भरतो. फुटबॉलच्या संघात शंभर मुलं असली, तर ती फी भरणारी शंभर मुलं, जी एरवी कदाचित आलीच नसती. मिशिगनच्या एड्रियन कॉलेजने २००५ नंतर हाच मार्ग धरला. नवे खेळ, नवी मैदानं, प्रत्येक कोचला मुलं आणायचा आकडा ठरवून दिलेला. विद्यार्थीसंख्या जवळपास दुप्पट झाली. तिथले अध्यक्ष जेफ्री डॉकिंग यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे छोट्या कॉलेजचा कोच हा बऱ्याचदा प्रवेश विभागाचाच माणूस असतो. पुतणीला आलेल्या फोनचा अर्थ इथे आहे.

पण हा उपाय सगळ्यांना पुरत नाही. बर्मिंगहॅम-सदर्नचा पाय आधीच खोलात होता: इमारतींसाठी काढलेलं कर्ज, आटत गेलेला निधी, आर्थिक मदतीच्या हिशेबातली मोठी चूक. त्यांनी राज्याकडे तीन कोटी डॉलरचं कर्ज मागितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या कोषाध्यक्षांनी नकार दिला. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालं, की ३१ मे रोजी कॉलेज कायमचं बंद.

आणि त्याच वसंतात त्यांचा बेसबॉल संघ जिंकत सुटला. ओहायोतल्या ईस्टलेकला डिव्हिजन थ्रीच्या अंतिम स्पर्धेत पोचला. पहिला सामना कधी? ३१ मे! ज्या दिवशी कॉलेज संपलं, त्या दिवशी त्याचा संघ मैदानात. आता मात्र देशभरचे कॅमेरे आले. पहिला सामना ते हरले, दुसरा शेवटच्या क्षणाच्या होम रनने जिंकले, आणि तिसरा ११–१० असा तशाच होम रनवर हरले. गोष्ट तिथे संपली.

मला खटकतं ते हे. कर्जाचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा ती बहुतांशी अलाबामातली बातमी होती. काही करता येण्यासारखं होतं, तेव्हा देशाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॉलेज का बुडालं, हा मजकूर होम रनच्या वर्णनाखाली दोन ओळींत आला.

लक्ष वेळेवर मिळालं तर फरक पडतो का? पडतो. १९५३-५४ मध्ये ओहायोच्या रिओ ग्रँड या शंभरेक विद्यार्थ्यांच्या कॉलेजात बेव्हो फ्रान्सिस होता. त्याने एका सामन्यात ११३ गुण केले. टेलरने मोडला तो विक्रम हाच. त्याच्या नावावर संघाला मोठ्या शहरांतून, अगदी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून बोलावणी आली. तिकिटांचे पैसे आले, डबघाईला आलेल्या कॉलेजला हात मिळाला. ती संस्था आजही चालू आहे.

तेव्हा छोट्या कॉलेजचा विचार करणाऱ्यांनी बातमीवर विसंबू नये, चार प्रश्न विचारावेत. संघात एकूण किती मुली आहेत आणि दर वर्षी नवीन किती घेतात? सगळी मदत वजा जाता हातातून किती पैसे जाणार? खेळ सोडला तर मदत टिकेल का? डिव्हिजन थ्रीमध्ये ती टिकायला हवी, कारण ती खेळाशी बांधलेली नसते. आणि चौथा, गेल्या दहा वर्षांत कॉलेजची विद्यार्थीसंख्या वाढली की घटली? हा शेवटचा प्रश्न आकड्यांचा आणि रटाळ वाटतो, पण बर्मिंगहॅममधल्या पालकांना विचारा त्याची किंमत.

खेळ बघायचा असेल तर बहुतेक छोटी कॉलेजं आपले सामने स्वतःच इंटरनेटवर दाखवतात. समालोचन बऱ्याचदा विद्यार्थीच करतात, प्रेक्षकांत आईवडील जास्त. एखादा सामना लावून बघा. विक्रम नसेल, रडारड नसेल, नुसता खेळ असेल.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.