बहात्तर तास!

दोस्तांनो, परीक्षेसाठी एक रात्र जागलं तरी दुसऱ्या दिवशी आपण वर्गात पेंगतो ना? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४० मध्ये सलग ७२ तास जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते! तेही चीनमध्ये, आघाडीजवळ, औषधांची टंचाई असताना.

जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले. त्यात वाशीमकरांना जवळचे वाटावेत असे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. वयाने सर्वांत मोठे!

बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी आजारपणाने तिथेच वारले. वय अवघं ३२. चिनी पत्नीच्या कुशीत तान्हा मुलगा होता, इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.