निवेदनाचे धाडस आणि निर्बंधांचा हिशेब

आर्थिक निर्बंधांमागे एक जुने गृहीतक असते. आक्रमक राष्ट्रातील धनिकांच्या तिजोरीला हात घातला, की ते आपल्या राज्यकर्त्याच्या दारात जाऊन उभे राहतील आणि युद्ध आवरा, असे त्याला सुनावतील. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्यानंतर ब्रसेल्स, लंडन आणि वॉशिंग्टन येथून जे निर्बंध जाहीर झाले, त्यांमागेही हा विचार होताच. आठवडाभरातच तो खरा ठरतो की काय, असे वाटावे अशी घटना घडली. लुकॉइल या रशियातील दुसऱ्या क्रमांकाच्या तेल कंपनीच्या संचालक मंडळाने ३ मार्च रोजी निवेदन काढून युक्रेनमधील ‘शोकात्म घटनां’विषयी चिंता आणि पीडितांविषयी सहानुभूती व्यक्त केली. सशस्त्र संघर्ष तातडीने थांबावा आणि प्रश्न वाटाघाटींनी सुटावा, असेही तीत म्हटले होते. इतक्या मोठ्या रशियन कंपनीने संचालक मंडळाच्या नावाने असे काही म्हणणे अपूर्व होते.

मसुदे लिहिण्यात आणि तपासण्यात हयात गेलेल्या अधिकाऱ्यांना या मजकुरातले कसब सहज ओळखू येईल. त्यात ‘आक्रमण’ हा शब्द नव्हता, आणि रशियन सरकारला हवा असलेला ‘विशेष लष्करी कारवाई’ हा शब्दप्रयोगही नव्हता. संघर्ष कोणी सुरू केला, याबद्दल निवेदन गप्प होते. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्च रोजी, रशियात सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा झाला. कंपनीने जे सांगितले, ते सांगण्याची सवड एका दिवसापुरतीच उरली होती.

हे निवेदन नेमके कोणासाठी होते? क्रेमलिनसाठी, असे मानण्यास फारसा आधार नाही. आदल्याच दिवशी अमेरिकेतील नेवार्क शहराच्या परिषदेने लुकॉइलच्या नावाने चालणाऱ्या पेट्रोल पंपांचे परवाने स्थगित करण्याचा ठराव केला होता. वास्तविक ते पंप बहुतांशी स्थानिक व्यावसायिकच चालवत होते. लंडनच्या शेअर बाजारात कंपनीचे मोल अक्षरशः मातीला मिळाले होते आणि ३ मार्चलाच तेथील व्यवहार थांबवण्यात आले. ऑस्ट्रियाचे माजी चान्सलर वोल्फगांग शुसेल कंपनीच्या संचालक मंडळावर होते. तेही त्याच महिन्यात बाहेर पडले. बल्गेरियातील बुर्गासची रिफायनरी, इराकमधील वेस्ट कुर्ना-२ हे तेलक्षेत्र, अमेरिकेतील पंप असा पसारा असलेल्या कंपनीला बाहेरच्या जगात तोंड दाखवणे भाग होते. निवेदनातील दुःख खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण पत्त्याची जागा परदेशातली होती.

क्रेमलिनच्या दारात उभे राहण्याची सोय रशियन उद्योगपतींना उरलेलीच नव्हती. युद्ध सुरू झाले त्याच संध्याकाळी पुतिन यांनी बड्या उद्योगपतींना क्रेमलिनमध्ये बोलावले होते. लुकॉइलचे संस्थापक वागीत अलेक्पेरोव त्यांत होते. सल्लामसलतीसाठी ती बैठक नव्हतीच. निर्णय झाला होता आणि तो ऐकवला जात होता. पुढे आंद्रेई मेल्निचेन्को, दिमित्री माझेपिन अशा उद्योगपतींवर निर्बंध लादताना युरोपीय संघाने त्या बैठकीतील हजेरी हेही एक कारण म्हणून नोंदवले. बोलावणे नाकारण्याची मुभा नव्हती आणि हजर राहणे हा दोष ठरला, असा तो पेच होता.

या पेचाचे मूळ २००३ सालात आहे. युकोस या तेल कंपनीचे प्रमुख मिखाइल खोदोर्कोव्स्की यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत क्रेमलिनमधील बैठकीत सरकारी भ्रष्टाचाराचा विषय पुतिन यांच्या समोर काढला. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली, दहा वर्षे ते तुरुंगात राहिले आणि युकोसची मुख्य तेल उत्पादक कंपनी अखेर सरकारी रॉसनेफ्तच्या पदरात पडली. धनिकांनी राज्यकर्त्यावर दबाव आणायचा, हे सूत्र तेव्हाच उलटे झाले. अलेक्पेरोव यांनी तो धडा जवळून पाहिला होता. सोव्हिएत संघाच्या तेल खात्यात उपमंत्री राहिलेल्या या गृहस्थांनी लांगेपास, उराय आणि कोगालिम या सैबेरियातील तीन तेलनगरांच्या आद्याक्षरांतून कंपनीचे नाव घडवले. कंपनी खासगी असली, तरी तेलविहिरींचे परवाने, निर्यातीच्या वाहिन्या आणि कर, सारे सरकारच्या हाती. अशा कंपनीने वीस वर्षे मर्यादा सांभाळून वागावे आणि मग एकदा पाऊल बाहेर टाकावे, यातच त्या निवेदनाचे वजन होते.

त्याचा मोबदला काय मिळाला? १३ एप्रिल २०२२ रोजी ब्रिटनने अलेक्पेरोव यांच्यावर निर्बंध लादले. आठवड्याने त्यांनी अध्यक्षपद सोडले. १ सप्टेंबर रोजी संचालक मंडळाचे अध्यक्ष रावील मगानोव यांचा मॉस्कोतील रुग्णालयात मृत्यू झाला. गंभीर आजाराने निधन, असे कंपनीने जाहीर केले. ते खिडकीतून पडल्याचे वृत्त रशियन वृत्तसंस्थांनी दिले. यापलीकडे तर्क लढवण्यात अर्थ नाही, मात्र त्या बातमीचा इतर उद्योगपतींवर काय परिणाम झाला असेल, हे समजण्यास तर्काची गरजही नाही.

बोलून सुटका झाली ती काही व्यक्तींची. बँकर ओलेग तिन्कोव यांनी एप्रिल २०२२ मध्ये युद्धाला वेडेपणा म्हटले. त्यांना बँकेतील सुमारे ३५ टक्के हिस्सा व्लादिमिर पोतानिन यांना विकावा लागला, आणि तोही खऱ्या मोलाच्या तीन टक्क्यांना, असे त्यांचेच म्हणणे. पुढे त्यांनी रशियन नागरिकत्व सोडले आणि जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने त्यांच्यावरील निर्बंध उठवले. यांडेक्सचे सहसंस्थापक अर्कादी वोलोझ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये आक्रमणाला रानटी ठरवले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यांचे नाव यादीतून काढले. दोघेही तेव्हा देशाबाहेर होते. माणूस देश सोडू शकतो. सैबेरियातील तेलविहिरी उचलून नेता येत नाहीत. लुकॉइलपुढे तो मार्ग कधीच नव्हता, आणि निर्बंधांच्या शिल्पकारांनी देशात राहून बोलणाऱ्या कंपनीसाठी दुसरा कोणताही मार्ग ठेवला नव्हता.

बुचा येथील हत्याकांड उघड झाल्यावर रुसाल या ॲल्युमिनियम कंपनीचे डच अध्यक्ष बर्नार्ड झोनेवेल्ड यांनी निःपक्ष चौकशीची मागणी केली. अपराधी कोण, हे टाळले. त्याच आठवड्यात, ६ एप्रिल २०२२ रोजी, परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी लोकसभेतील चर्चेला उत्तर देताना बुचातील हत्यांचा निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. रशियाचे नाव तेथेही दोषी म्हणून आले नाही. रशियन तेलाशी हितसंबंध असलेल्या सरकारची आणि रशियन भूमीत मुळे असलेल्या कंपनीची भाषा इतकी जवळ यावी, हा योगायोग नव्हे. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता; २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आधी ब्रिटनने आणि २२ तारखेला अमेरिकेने रॉसनेफ्त आणि लुकॉइल या दोन्ही कंपन्यांवर एकदमच निर्बंध लादले. एक सरकारी आणि गप्प राहिलेली, दुसरी खासगी आणि एकदा बोललेली; आदेशात हा भेद उरला नाही. तेल महसूल तोडणे हे उद्दिष्ट असताना तो उरणारही नव्हता. मुंबईच्या रिलायन्सने जामनगरच्या निर्यातप्रधान रिफायनरीत रशियन कच्चे तेल आणणे २० नोव्हेंबरपासून थांबवल्याचे जाहीर केले. दरम्यान, युक्रेनच्या ड्रोनांनी लुकॉइलच्या व्होल्गोग्राद आणि क्स्तोवो येथील रिफायनऱ्यांवरही हल्ले केले होते. २७ ऑक्टोबर रोजी कंपनीने परदेशातील मालमत्ता विकण्याचा इरादा प्रकट केला. त्या छोट्या निवेदनात काही देशांच्या निर्बंधांचे कारण दिले होते. युद्धाचा उल्लेख नव्हता.