दारावरचा चोपदार

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय. एन. ए. बाजाराच्या शेजारी, लक्ष्मीबाई नगर ही वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव तिला लाभले असल्यामुळे मराठी माणसास ती उगीचच आपली वाटते. तेथे आमचे एक स्नेही राहत. त्यांच्या वृद्ध मातोश्रींना श्वासाचा विकार. रात्रभर प्राणवायूचे यंत्र लागे. वीज गेली की सारी भिस्त इन्व्हर्टरवर. एका उन्हाळ्यात तो इन्व्हर्टर तीन वेळा जळाला. दुरुस्ती करणारा दर खेपेस नवे ट्रान्झिस्टर बसवी, आणि चार-सहा दिवसांत तेही उडत. दोष ट्रान्झिस्टरांचा नव्हताच. तो त्यांना हुकूम पोचविणाऱ्या एका चिमुकल्या चिपमध्ये होता.

बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते. तिची दिशा आलटून पालटून बदलावयाची आणि रोहित्रातून ती २३० व्होल्टपर्यंत चढवावयाची, हे इन्व्हर्टरचे काम. ही उलटापालट चार ट्रान्झिस्टर करतात. प्रत्येकास एक द्वार असते. इंग्रजीत त्यास ‘गेट’ म्हणतात. द्वाराशी सुमारे १० व्होल्टचा दाब आला की वाट खुली होते, दाब काढला की बंद.

ऐकावयास सोपे वाटते, नाही? परंतु हे द्वार एखाद्या घागरीसारखे आहे. ती विद्युत्‌भाराने भरल्यावाचून वाट पुरती उघडत नाही. घागर १०० नॅनोकूलंबांची धरा. हुकूम देणारी गणकचिप जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह देऊ शकते, म्हणजे घागर भरावयास ५ मायक्रोसेकंद लागतात. एका सेकंदाचे दहा लक्ष भाग केले तर त्यातले पाच! एवढ्याशा वेळाचे काय मोठे, असे आपण म्हणाल. पण हे द्वार सेकंदास २०,००० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा मिटते. हिशेब केला तर प्रत्येक सेकंदाचा पाचवा हिस्सा अर्धवट उघड्या स्थितीत जातो. वाट बंद असता प्रवाह नसतो, पूर्ण उघडी असता दाब जवळजवळ नसतो. अधल्यामधल्या अवस्थेत मात्र दोन्ही असतात, आणि त्यांच्या गुणाकाराची उष्णता होते. तीच ट्रान्झिस्टरास जाळते.

म्हणून मध्ये चोपदार नेमावा लागतो. ‘गेट ड्रायव्हर’ चिप ती हीच. धन्याचा क्षीण आवाज ऐकून ती खणखणीत ललकारी देते. आय. आर. २११० ही या जातीची प्रसिद्ध चिप सुमारे २ अँपिअर प्रवाह देते. आपली घागर तिच्या हाती मायक्रोसेकंदाच्या विसाव्या भागात भरते.

वरच्या बाजूच्या ट्रान्झिस्टरांची अडचण आणखी मौजेची आहे. ते उघडले की त्यांचे स्वतःचे बूडच १२ व्होल्टांवर चढते. मग द्वारास २२ व्होल्ट हवेत, आणि पेटीत तेवढे असतात कोठे? उपाय घरगुती आहे. माळ्यावर चढणाऱ्याने तांब्या खालीच भरून बरोबर न्यावा, तसा एक लहान धारित्र खालचा ट्रान्झिस्टर उघडा असतानाच भरून ठेवतात. पुढे तो वरच्याच्या बुडाबरोबर आपोआप उचलला जातो. शिवाय एकाच ओळीतले वरचे व खालचे द्वार क्षणभरही एकदम उघडे राहता कामा नये, नाहीतर बॅटरीचा थेट आडबंद होतो. यासाठी दोहोंच्या पाळीत किंचित निवांत काळ ठेवतात.

लक्ष्मीबाई नगरजवळच्या आय. एन. ए. स्थानकातून मेट्रो २०१० पासून धावते. तिच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. मोठ्या गाड्यांत आय. जी. बी. टी. नावाचे दणकट ट्रान्झिस्टर वापरतात. त्यांच्या विकासात बी. जयंत बालिगा या भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे. एवढ्या दाबाशी गणकचिपची गाठ पडू नये म्हणून तेथे हुकूम पुष्कळदा काचेच्या धाग्यातून प्रकाशाने धाडतात.

आता आमच्या स्नेह्यांकडे वळू. पहिला ट्रान्झिस्टर जळाला तेव्हा त्यातील दाब द्वारातून उलटा शिरून चोपदारासच इजा करून गेला होता. तो मेला नाही, नुसता दुबळा झाला. आणि पुढचे सारे नवे ट्रान्झिस्टर त्याच्या दुबळेपणास बळी पडले. चौथ्या खेपेस ट्रान्झिस्टरांबरोबर दोन्ही चिपही बदलल्या. त्या रात्री वीज दोनदा गेली. मातोश्रींना ते सकाळी सांगितल्यावर कळले.