जुनी विलायती मोटार : भंगार की अमानत?

नांदेडच्या देगलूर नाक्यावरील किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळील एखाद्या बुजुर्ग मिस्त्रींना विचारा, उभ्या आयुष्यात ॲम्बेसेडरची किती इंजिने उतरवली आणि चढवली? ते हसतील, मोजदाद ठेवलेली नसते. पण १९५९ पासून ॲम्बेसेडरमध्ये बसलेले ते १४८९ सीसीचे इंजिन मूळचे इंग्लंडचे, ‘बी सीरिज’ घराण्यातले आहे. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीत याच घराण्याचे, तेवढ्याच सीसीचे इंजिन होते. आपल्या उस्तादांचा हात ज्या लोखंडावर बसला, त्याचीच भावंडे आज परदेशात शौकीन लोक मोठी किंमत देऊन जमवतात.

ही किंमत ठरते कशी? जुनी आहे म्हणून महाग, असा सरळ हिशेब नाही. एमजी टीसी ही १९४५ ते १९५० मध्ये सुमारे दहा हजार बनली. जग्वारची सी-टाइप मात्र फक्त ५३ बनली आणि तिने १९५१ व १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जी मोटार कमी बनली आणि जिंकली, तिचा भाव वेगळाच. १९५६ ची ल मान्स जिंकणारी जग्वार डी-टाइप २०१६ मध्ये अमेरिकेतील लिलावात २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलरला गेली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोटारीचा इतिहास. १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे ल मान्स जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा वाद १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात गेला. विकत घेणाऱ्याचे म्हणणे होते, ही अस्सल मोटारच नव्हे. खरोखरच १९२९ च्या मोटारीचे काही किरकोळ भाग सोडले तर मूळचे काही उरले नव्हते. तरीही न्यायाधीशांनी ती अस्सल मानली, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नव्हता. शर्यतीच्या मोटारीचे भाग बदलतच राहतात, पण तीच मोटार पुढे चालत आली, हे कागदांवरून दिसत होते. म्हणूनच जुनी पावती, नोंदणीचे पुस्तक, सर्व्हिसची वही आणि जुना फोटो यांचेही मोल असते. कागद नसतील तर लोखंड मुके होते.

आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस ते १९११ मध्ये वारल्यानंतर, १९१२ साली आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती शर्यतीची नाही, पण कोणी मागवली, कोणाकडे आली हे सारे माहीत असल्याने तिला मोल आहे.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. वडिलांच्या वा आजोबांच्या शेडमध्ये जुनी विलायती मोटार पडलेली असेल, तर तिला हात लावण्याआधी चेसिसचा आणि इंजिनचा नंबर लिहून ठेवा. रंग खरवडू नका आणि सुटे भाग भंगारात देऊ नका. गुळगुळीत रंगापेक्षा मूळ जुना भाग अनेकदा जास्त मोलाचा असतो. काम मिस्त्रीच करील, पण नेहमीचे पाने चालतील असे समजू नका. एमजी टीसीच्या इंजिनात नट-बोल्टचे आटे मेट्रिक असले तरी डोकी व्हिटवर्थ मापाची आहेत. चुकीचा पाना लावला की डोके घासले जाते, आणि मूळ बोल्ट हातचा जातो.

सरकारनेही २०२१ मध्ये नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झाली असतील आणि मूळ रूप बदललेले नसेल, तर त्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये फी आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि दुरुस्ती-इंधन यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

आमच्या मते या विषयात खरी जोखीम पैशाच्या दोन वळणांवर आहे. पहिले, विक्री. नकली नंबर, भलत्याच इंजिनाला ‘मूळचे’ म्हणणे, अपघाताचा डाग झाकणे हे या व्यापारात होते. माल विकताना त्यातला दोष सांगणे ही आपल्याकडची शिकवण आहे, मग माल पोत्यातला असो की गॅरेजमधला. दुसरे, वारसाहक्क. वडिलांमागे वाटणी करताना ‘ते भंगारच आहे’ असे म्हणून मोठ्या भावाने मोटार स्वतःकडे ठेवली आणि पुढे ती लाखांना विकली, तर बहिणींच्या ठरलेल्या हिश्श्याचे काय? म्हणून वाटणीआधी जाणकाराकडून किंमत ठरवून घ्या. ती कागदावर लिहा आणि सर्व वारसांसमोर वाचा. मोटार कोणी ठेवायची, हे त्यानंतर प्रेमाने ठरू द्या.

या कामी आपल्या उस्तादांनाही सोबत घ्या. ॲम्बेसेडर २०१४ साली बनणे थांबली आणि तिच्याबरोबर त्यांची विद्याही मागे पडत चालली आहे. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलाला जुन्या इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवले आणि जुने कागद सांभाळायची सवय लावली, तर ती विद्या त्याच्या पिढीला पोटाचा आधार देऊ शकते.