शेतकऱ्यास प्रश्न कसा विचारावा?

रेणापूर तालुक्यातील काळ्या जमिनीत आज खरिपाला सोयाबीनचा पेरा मोठा असतो. एखाद्या वर्षी पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत शेतात जागोजाग नांग्या पडलेल्या दिसतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. अशा वेळी ग्रामपातळीवरील कार्यकर्ता बांधावर येतो व पुष्कळदा पहिलाच प्रश्न करतो, “बी खराब निघाले ना?” शेतकरी “होय” म्हणतो, कार्यकर्ता तसे लिहून घेतो. हे उत्तर शेतकऱ्याचे नव्हे, विचारणाऱ्याचेच होय.

सोयाबीन न उगवण्यास कारणे अनेक आहेत. या बियाण्याचे आवरण पातळ असते; मळणीयंत्राचा वेग जास्त असला किंवा पोती आदळली गेली, तर अंकुर दुखावतो. बी फार खोल पडले, पुरेशी ओल होण्यापूर्वीच पेरले, किंवा पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमीन घट्ट बसली, तरीही उगवण होत नाही. कारण निराळे तसा उपायही निराळा. विकतच्या बियाण्यात दोष असेल, तर तक्रार करता येते व तालुकास्तरीय समिती शेतावर येऊन पाहणी करते. दोष पेरणीच्या खोलीत असेल, तर दुसऱ्यांदा आणलेले बीही तसेच वाया जाईल. घाईने केलेली एक नोंद शेतकऱ्याची खरी तक्रारही लंगडी करते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आरंभी प्रश्न मोकळा असावा. “मामा, पेरणीच्या दिवसापासून काय काय झाले, ते सांगा,” एवढे म्हणून कार्यकर्त्याने ऐकत राहावे. वही लगेच उघडू नये. शेतकरी मध्येच थांबला, तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये. पुष्कळदा महत्त्वाची गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. मग बारीक प्रश्नांकडे वळावे. बी कोठून आणले? पिशवी, तिच्यावरील लेबल व पावती जपून ठेवली आहे काय? तिफणीने पेरले की यंत्राने? खोली विचारताना आकडा मागू नये. “बोटाच्या कितव्या पेरापर्यंत बी गेले?” असे विचारावे आणि तेथेच माती उकरून पाहावी. तीन-चार सेंटिमीटर खोली योग्य समजतात.

“बीजप्रक्रिया केली ना?” या प्रश्नास नाही म्हणणारा विरळा. साहेबांसमोर नाही म्हणण्याचा संकोच कोणास होत नाही? त्याऐवजी “बियाण्याला काय लावले, आणि कशात चोळले?” असे विचारावे. ज्याने प्रक्रिया केली आहे तो औषधाचे नाव व घमेलेसुद्धा सांगतो.

दिवसांच्या बाबतीतही हेच. तारीख अनेकांच्या स्मरणात नसते. पण मृगात पेरले की आर्द्रा लागल्यावर, हे पक्के आठवते. मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा 21-22 जूनच्या. त्यावरून तारीख बसविता येते. मापांबाबत मात्र सावध असावे. “दोन बॅगा पेरल्या” हे उत्तर कधी बियाण्याचे असते, तर कधी रानाचे. बॅग किती किलोची होती व रान किती गुंठे होते, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. दोन प्रश्न एका दमात विचारले, की उत्तर बहुधा शेवटच्याच प्रश्नाचे मिळते.

बी घरचे असेल, तर ते ज्यांनी सांभाळले त्यांना विचारावे. अनेक घरांत हे काम बायकांकडे असते आणि बांधावर उभ्या असलेल्या पुरुषास पोती ओलीवर होती की फळ्यांवर, हे ठाऊकच नसते.

गावाची अशी चौकशी महाराष्ट्रात नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची जमीन, पिके व कर्ज यांचा अभ्यास करून तो 1917 साली प्रसिद्ध केला. कर्जाविषयीचे प्रश्न मात्र चावडीवर, चार माणसांदेखत विचारू नयेत. तेथे खरा आकडा कोण सांगेल? ते घरी, शेवटी, आणि गरज असेल तरच विचारावेत.

प्रश्न विचारण्यास या भागात वेळ अमावस्येसारखा दिवस नाही. मार्गशीर्षात सारे घर रानात येते, पाहुण्यास भज्जी-आंबिलीचा आग्रह होतो. त्या दिवशी छापील तक्ता पिशवीतच राहू द्यावा. हरभऱ्यातून फिरताना पुढील पेरणीसाठी कोणते बी राखले, हे सहज निघते. मग मे महिन्यात त्याच घरी जाऊन शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवण्यास सांगावे. सत्तर उगवले, तर एकरी 30 किलो बी पुरते. कमी उगवले, तर त्या मानाने वाढवावे लागते. पाच-सहा दिवसांनी जाऊन प्रश्न एवढाच करावयाचा: “मावशी, शंभरातले किती उगवले?”