दातांवरचा बुळबुळीत थर आणि दातवण

सकाळी उठल्याबरोबर दातांवरून जीभ फिरवा. बुळबुळीत लागतं ना? तो जंतूंचा थर. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. चिकट आवरणात जंतू घर करून बसतात, म्हणून नुसत्या चुळा भरून तो निघत नाही. घासूनच मोडावा लागतो.

कडुनिंबाची किंवा बाभळीची करंगळीएवढी ताजी काडी घ्या. टोक चावून कुंचला करा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने घासा. काडीचा कडू-तुरट रस जंतूंची वाढ रोखायला मदत करतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे काहीजण दातांना नस, गुडाखू लावतात. त्यात तंबाखू असते. तिने थर जात नाही, उलट तोंडाच्या कॅन्सरला आवतण मिळतं. दात किडलाच असेल तर दातवणावर विसंबू नका; डॉक्टरांना दाखवा.