भात झोडून झाले, चला काळदुर्गावर

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याची उडवी रचून झाली की शेतकऱ्याच्या घराला चार दिवस मोकळे मिळतात. बर्फाच्या मुलखात या दिवसांत माणसे पायांना रुंद जाळीदार चौकटी बांधून डोंगरातल्या ओढ्याकाठाने हिंडतात. आमच्या पालघर-बोईसरकडे बर्फ कोठला! पण चिखल वाळलेला, ओहळ आटलेले, सकाळची हवा गार. डोंगर चढायला याहून बरे दिवस नाहीत.

पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्गाची वाट निघते. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. वारली मंडळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबा पुजतात, आणि ती नुसती रूढी नव्हे; या रानांत बिबट्या आजही आहे. उजाडल्यावर निघावे, दिवस मावळायच्या आत खाली यावे, लेकरांना पुढे धावू देऊ नये.

चढण दीड-दोन तासांची. माथ्यावर चौकोनी कातळ आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. टाक्यांच्या पाण्यावर भिस्त नको, घरूनच न्यावे.

खरी भीती वणव्याची. पौषानंतर गवताची काडी होते. विडीच्या एका थोटकाने उतारावरचा चारा जातो आणि गुरे राखणाऱ्याला उन्हाळ्यात पेंढा विकत घ्यावा लागतो. शहरी पाहुण्यालाही हे सांगायला संकोचू नये. वर चूल पेटवूच नये. तांदळाची भाकरी न् सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून न्यावी. आजीबाईंना खिंडीतच सावलीला बसवावे. तिथली माकडे शिदोरी पळवतात, तेवढी राखण त्यांच्याकडे!